दिवाळीनंतर जन्म, होळीपर्यंत स्वभाव : पिल्लाचा कुत्रा कसा घडतो

भाद्रपद सरता सरता गल्लीबोळांतून कुत्र्यांच्या झुंडी दिसू लागतात आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास जिन्याखाली, बंद गाडीच्या आडोशाला किंवा वाळूच्या ढिगाऱ्यात पिल्लांची कुईकुई ऐकू येऊ लागते. हे दृश्य गोव्यातील वाड्यावाड्यांवर जसे दिसते तसेच तापीकाठच्या सुरतेतही दिसते. लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. दाटीवाटीच्या वस्तीत मुले आणि पिल्ले एकाच अंगणात वाढतात. त्या पिल्लांपैकी कोणते शांत कुत्रे होईल, कोणते माणसाला पाहताच दात विचकेल आणि कोणते वर्ष पूर्ण होण्याआधीच मरेल, याचा निकाल बहुतांशी पहिल्या सोळा आठवड्यांत लागतो. या काळात पिल्लाच्या शरीरात व स्वभावात काय घडते आणि त्यात माणसाचा वाटा किती, हे जाणून घेणे म्हणूनच केवळ प्राणिप्रेमींपुरते मर्यादित नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सुरतच्या खजोद भागात भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात एका मजूर कुटुंबातील दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. हल्ला करणारे प्रत्येक कुत्रे कधीतरी कोणाच्या तरी दारातले पिल्लू असते.

सुरतेचे जुने नाते

सुरत आणि कुत्रा यांचे नाते लेखी नोंदींत तीनशे वर्षांहून जुने आहे. १६८९ मध्ये सुरतेस आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने आपल्या प्रवासवर्णनात शहराजवळच्या प्राण्यांच्या रुग्णालयाचा उल्लेख केला आहे. आजारी, लंगडे, म्हातारे झालेले गाय, घोडा, बकरी, कुत्रा असे जीव तेथे सांभाळले जात. पुढे अलेक्झांडर बर्न्स यानेही सुरतेच्या या प्राणी रुग्णालयावर टिपण लिहिले आणि ते १८३४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. पांजरपोळ या नावाने आपण जी संस्था ओळखतो, तिची ही परंपरा.

सुरत हे पारशी समाजाचेही जुने ठिकाण. पारशी धर्माचारात कुत्र्याला विशेष स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी दाखवण्याचा 'सगदीद' हा विधी प्रसिद्ध आहे. १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार थांबले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली.

कुत्र्याला खाऊ घालणे हे पुण्य, ही भावना या भूमीत खोलवर रुजलेली आहे. मात्र भाकरीचा तुकडा टाकणे आणि पिल्लू नीट वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी वेळापत्रक समजून घ्यावे लागते.

चवथीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत

पाळीव विदेशी जातीच्या कुत्र्या वर्षात कोणत्याही ऋतूत माजावर येऊ शकतात. आपल्याकडील रस्त्यावरच्या देशी कुत्र्यांचा मुख्य हंगाम मात्र पावसाळ्याच्या अखेरीस असतो, म्हणून तर मराठीत भाद्रपद आणि कुत्रे ही जोडी म्हणीसारखी झाली आहे. कुत्रीचा गर्भकाळ सरासरी ६३ दिवसांचा असतो; दोन-चार दिवस पुढेमागे होतात. गणेश चतुर्थीपासून त्रेसष्ट दिवस मोजले की दिवाळी उलटून कार्तिक शुद्ध पक्ष येतो. म्हणजेच चवथीला गर्भ राहिला तर तुळशीच्या लग्नाच्या आधी-मागे पिल्ले होतात. एका वेताला साधारणतः चार ते सहा पिल्ले असतात, कमी-अधिकही होतात.

या हंगामामागे निसर्गाचा हिशेब दिसतो. पिल्लांचे पहिले नाजूक आठवडे पावसाच्या माऱ्यातून आणि उन्हाळ्याच्या काहिलीतून सुटतात. थंडीचे संकट मात्र उरते. सुरत काय किंवा गोवा काय, डिसेंबर-जानेवारीची रात्र माणसाला सुखद वाटली तरी नवजात पिल्लाला ती जीवघेणी ठरू शकते.

पहिले दोन आठवडे : ऊब, दूध आणि झोप

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे आणि कानांची भोके मिटलेली असतात. मध्यम आकाराच्या जातीत जन्माचे वजन साधारण दोनशे ते चारशे ग्रॅम भरते. स्पर्श, वास आणि उष्णतेची जाणीव एवढ्याच आधारावर ते आईच्या सडापर्यंत पोहोचते. त्याला थंडीने कापताही येत नाही, कारण स्वतःच्या शरीराचे तापमान राखण्याची क्षमता अजून आलेली नसते. आईचे अंग आणि भावंडांचा ढीग हीच त्याची गोधडी. आईपासून दूर सरकलेले पिल्लू थंड पडते आणि थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. अशा पिल्लाला घाईने दूध पाजणे धोक्याचे असते; आधी हळूहळू ऊब द्यावी लागते.

पहिल्या चोवीस तासांतील आईचे दूध, म्हणजेच चीक, अमूल्य असतो. त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लाच्या आतड्यातून थेट रक्तात शिरतात आणि हे दार एका दिवसातच बंद होत जाते. या वयात पिल्लू आपणहून शी-शूदेखील करू शकत नाही. आई चाटते तेव्हा ती क्रिया होते. दिवसाचा बहुतेक वेळ झोपेत जातो. झोपेत पिल्लाचे अंग सारखे फुरफुरते, ते आजाराचे लक्षण नसून स्नायूंच्या वाढीचा भाग आहे. सर्व नीट असेल तर आठ-दहा दिवसांत पिल्लाचे वजन जन्माच्या दुप्पट होते.

याच काळात आई सर्वांत जास्त बिथरलेली असते. एरवी शेपूट हलवणारी ओळखीची कुत्री जिन्याजवळून जाणाऱ्या मुलावर धावून येते ती पिल्लांच्या रक्षणासाठी. तिला हाकलून लावण्यापेक्षा दोन-तीन आठवडे त्या कोपऱ्यापासून मुलांना दूर ठेवणे शहाणपणाचे ठरते. पिल्ले उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली तर आई ती शोधत वस्तीभर फिरते आणि अधिक आक्रमक होते.

तिसरा आठवडा : जगाचे दार उघडते

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डोळे उघडतात. सुरुवातीस नजर धूसर आणि बुबुळे निळसर असतात. त्यानंतर काही दिवसांत कान उघडतात आणि पिल्लू मोठ्या आवाजाने दचकू लागते. सरपटणे थांबून लटपटत उभे राहणे, दोन पावले टाकणे, मागे पडणे, पुन्हा उठणे हे सारे याच आठवड्यातले. दुधाचे पहिले दात हिरड्यांतून वर येतात. शेपूट हलू लागते, पहिली गुरगुर आणि पहिले भुंकणे ऐकू येते. पिल्लू झोपायच्या जागेपासून थोडे दूर जाऊन शू करू लागते. स्वच्छतेची ही उपजत सवय पुढे घरात शिस्त लावताना उपयोगी पडते.

तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत : स्वभाव घडण्याचा काळ

पिल्लाच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक टप्पा हा. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९६१ मध्ये, तेथीलच फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले होते. उंच कुंपणाच्या आवारात काही पिल्ले आईबरोबर, पण माणसाच्या सहवासाविना वाढवण्यात आली. वेगवेगळ्या वयाला, म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या आठवड्यात, त्यांतील काही पिल्लांना एकेक आठवडा माणसांत आणले गेले. ज्यांना पाचव्या ते नवव्या आठवड्यांत माणूस भेटला ती सहज माणसाळली. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस दिसलाच नाही, ती पुढे कितीही प्रयत्न केले तरी रानटी प्राण्यासारखी बुजरी राहिली.

निष्कर्ष साधा आहे. या काळात पिल्लाला जे दिसते, ऐकू येते आणि हाताळते, ते त्याच्या दृष्टीने जगाचा स्वाभाविक भाग होते. लहान मूल, काठी टेकत चालणारे आजोबा, रिक्षाचा आवाज, फटाके, मांजर, पावसाची छत्री यांच्याशी ओळख या वयात झाली तर त्यांची भीती राहत नाही. ओळख झाली नाही, किंवा ओळख झाली ती दगड आणि लाथेच्या रूपाने झाली, तर तीही कायमची कोरली जाते. कुत्रा चावतो तो पुष्कळदा रागाने नव्हे, भीतीने चावतो.

सुरतेच्या दिनदर्शिकेत पाहिले तर तुळशीच्या लग्नाला जन्मलेले पिल्लू उत्तरायणाला नऊ आठवड्यांचे होते. त्या दिवशी सारे शहर गच्च्यांवर असते. पतंग, आरडाओरडा, संध्याकाळी फटाके. आठव्या ते दहाव्या आठवड्यांच्या सुमारास अनेक पिल्ले एका भित्र्या अवस्थेतूनही जातात. या दिवसांतील मोठा धसका दीर्घकाळ टिकू शकतो. घरात पिल्लू असेल तर अशा दिवशी त्याला आतल्या खोलीत, ओळखीच्या माणसाजवळ ठेवणे हिताचे. होळीपर्यंत तेच पिल्लू सतरा-अठरा आठवड्यांचे होते आणि स्वभाव घडण्याची ही खिडकी जवळजवळ मिटलेली असते. गोव्यात तेव्हा शिगम्याचे ढोल वाजत असतात. त्या ढोलांना कुत्रे कसे सामोरे जाईल, हे आधीच्या तीन महिन्यांत ठरून गेलेले असते.

आईपासून केव्हा दूर करावे

पिल्लू एक महिन्याचे झाले की ते गोंडस दिसू लागते आणि नेमके तेव्हाच लोक ते घरी आणतात. हे फार लवकर होते. चौथ्या ते आठव्या आठवड्यांत पिल्ले एकमेकांना चावत खेळतात. जोरात चावले की भावंड किंचाळते, खेळ थांबतो. आईला चावले की ती गुरगुरते. जबड्याचा जोर किती लावायचा, हा धडा पिल्लू येथे शिकते. जे पिल्लू या शाळेत गेलेच नाही, ते पुढे खेळताखेळता मुलांना रक्त येईपर्यंत चावते आणि मालक म्हणतो, 'कुत्रे तापट निघाले.'

भारतातील कायद्यानेही हे वय ओळखले आहे. श्वानपैदास आणि विक्रीसंबंधी २०१७ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. रस्त्यावरचे पिल्लू दत्तक घेतानाही हीच मर्यादा पाळावी. आई मेली असेल किंवा पिल्लू संकटात असेल तरच अपवाद करावा. आठ ते बारा आठवडे हा घरी आणण्याचा उत्तम काळ: आईचा धडा पूर्ण झालेला असतो आणि माणसाशी नाते जोडण्याची वेळ अजून शिल्लक असते.

दूध, जंत आणि लस

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आईचे दात लागलेल्या पिल्लांना दूध पाजणे कमी होऊ लागते. रस्त्यावरची कुत्री आपण खाल्लेले अन्न ओकून पिल्लांना भरवते. पाहणाऱ्याला किळस वाटते, पण घन आहाराकडे जाण्याची ती नैसर्गिक पायरी आहे. सात-आठ आठवड्यांपर्यंत दूध जवळजवळ सुटते.

अनाथ पिल्लाला गायीचे दूध पाण्यात मिसळून पाजण्याची पद्धत सर्रास आहे. कुत्रीच्या दुधात गायीच्या दुधाच्या साधारण दुप्पट प्रथिने आणि स्निग्धांश असतात, तर दुधातील साखर कमी असते. आधीच पातळ असलेले दूध आणखी पातळ केले की पिल्लू उपाशी राहते आणि वर हगवण लागते ती वेगळीच. पशुवैद्यकाकडे पिल्लांसाठीची दुधाची भुकटी मिळते, ती वापरावी. पिल्लाला पाठीवर झोपवून बाटली लावू नये, दूध श्वासनलिकेत जाते. मोठे होत असताना केवळ दूध-पोळी किंवा भात पुरत नाही. अंडे, मासे, चिकन, डाळ अशी प्रथिने हवीत. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत.

फुगलेले पोट म्हणजे धष्टपुष्ट पिल्लू नव्हे. बहुधा ते जंतांचे लक्षण असते. गोलकृमी आईच्या पोटातच नाळेतून आणि नंतर दुधातून पिल्लात शिरतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने जंतनाशक द्यावे लागते. हेच कृमी मातीतून लहान मुलांच्या पोटातही जाऊ शकतात, त्यामुळे पिल्लाशी खेळल्यावर हात धुणे आवश्यक.

आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण सहाव्या आठवड्यापासून ओसरू लागते आणि सोळाव्यापर्यंत संपते. प्रत्येक पिल्लात हा दिवस वेगळा असतो. आईची प्रतिकारद्रव्ये शिल्लक असताना दिलेली लस ती निष्प्रभ करू शकतात, तर ती संपल्यावर पिल्लू उघडे पडते. म्हणूनच लस एकदाच न देता सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळाव्या आठवड्यापर्यंत अनेकदा दिली जाते. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन आजार यातूनच रोखले जातात. पार्व्हो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. रक्ताची हगवण आणि उलट्या यांनी पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते. रेबीजची लस सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या वयात देतात आणि नंतर तिची पुनरावृत्ती करतात.

चार महिने ते वर्ष : दात, उंची आणि बंडखोरी

दुधाचे दात २८ असतात. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. हिरड्या सळसळत असल्याने पिल्लू चपला, खुर्चीचे पाय, वायरी कुरतडते. त्याला मारण्याऐवजी चघळायला वेगळी वस्तू द्यावी. देशी कुत्र्यांचे कान याच काळात ताठ होतात, पाय लांबतात आणि गोंडसपणा ओसरतो. वस्तीतील मायाही याच सुमारास आटते: काल ज्याला बिस्किटे मिळत होती, त्याला आज दगड मिळतो.

सहाव्या ते बाराव्या महिन्यांदरम्यान कुत्री पहिल्यांदा माजावर येते. नर पाय उचलून मुतू लागतो, हद्द आखतो, इतर नरांशी भांडतो. घरातील कुत्राही या वयात ऐकेनासा होतो. इंग्लंडमध्ये मार्गदर्शक श्वानांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पाच महिन्यांच्या तुलनेत आठ महिन्यांची कुत्री आपल्या मालकाची आज्ञा कमी पाळत, अनोळखी माणसाची मात्र पाळत. माणसाच्या पौगंडावस्थेचीच ही आवृत्ती. अनेक पाळीव कुत्री याच वयात रस्त्यावर सोडून दिली जातात. खरे तर काही महिने धीर धरला की हा काळ निघून जातो.

मध्यम आकाराच्या देशी कुत्र्याची हाडांची वाढ वर्षभरात जवळजवळ पूर्ण होते. मनाने प्रौढ होण्यास मात्र दीड ते तीन वर्षे लागतात.

मोठ्या जातींचा वेगळा हिशेब

मोठ्या विदेशी कुत्र्यांची हौस सुरतेला चारशे वर्षांपूर्वीही ठाऊक होती. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ मध्ये सुरतेजवळच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर उतरला. बादशहा जहांगीरला इंग्लिश मॅस्टिफ कुत्र्यांचे आकर्षण होते. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने नोंदवले आहे, की जहाजावर चढवलेल्यांपैकी मोजकेच कुत्रे जिवंत पोहोचले आणि बादशहाने त्यांना वाहून नेण्यासाठी व पंख्याने वारा घालण्यासाठी नोकर नेमले.

आज नोकर नसतात, वातानुकूलित खोली असते. प्रश्न तोच राहतो. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ अशा महाकाय जातींची हाडे दीड ते दोन वर्षे वाढत राहतात. या काळात जास्त खाऊ घालून लवकर 'मोठे' करण्याचा प्रयत्न किंवा पशुवैद्यकाला न विचारता कॅल्शियमचा मारा केल्यास सांधे आणि हाडे वाकडी होण्याचा धोका वाढतो. त्यांना लहान वयात जिने चढवणे, उड्या मारायला लावणेही टाळावे. दाट केसांच्या जातींना किनारपट्टीची दमट उष्णता झेपत नाही. देशी कुत्रे या हवेत हजारो वर्षांच्या निवडीतून टिकलेले आहे.

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हे गणितही टिकणारे नाही. एका वर्षाची कुत्री पिल्ले घालू शकते; सात वर्षांची मुलगी अजून बालिका असते. अमेरिकेत लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जनुकीय खुणांवरून २०२० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका वर्षाचा कुत्रा जैविकदृष्ट्या तिशीच्या माणसाजवळ जातो. त्यानंतर वय वाढण्याचा वेग मंदावतो. कुत्र्याचे बालपण इतके घाईचे असते, म्हणूनच त्यातील एकेक आठवडा मोलाचा.

रस्त्यावर वाचतात किती?

कोलकात्याजवळच्या आयसर या संस्थेत प्रा. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी भारतातील मोकाट कुत्र्यांचा सातत्याने अभ्यास करत आहेत. त्यांच्या गटाने ९५ वेतांतील ३६४ पिल्लांवर नजर ठेवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या रूपाने माणूस होता. वाहनाखाली सापडणे, विष, मारहाण आणि उचलून नेणे ही त्यांतील काही कारणे. त्याच गटाला असेही दिसले, की कुत्री विण्यासाठी माणसाच्या घराजवळची जागा पसंत करतात. जिथे तिला सुरक्षित वाटते, तिथेच तिच्या पिल्लांना सर्वाधिक धोका असतो.

या संशोधकांच्या आणखी एका प्रयोगात लहान पिल्ले माणसाने बोट दाखवले तिकडे विश्वासाने गेली. अर्धवट वाढलेली व मोठी कुत्री तितक्या सहज गेली नाहीत. विश्वास उपजत असतो आणि संशय अनुभवातून येतो, असे यातून दिसते. अनोळखी कुत्र्याचा विश्वास मिळवण्यात वारंवार दिलेल्या खाण्यापेक्षा प्रेमळ स्पर्श अधिक परिणामकारक ठरतो, असेही या गटाने दाखवले आहे.

पिल्लू आणि रेबीज

एक गैरसमज जीवघेणा आहे: 'पिल्लू चावले, त्याला काय होते!' पिल्लालाही रेबीज होतो. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चावा घेतला असेल तर काही आठवड्यांत ते आजारी पडते आणि तोवर मुले त्याला मांडीवर घेऊन खेळवत असतात. पिल्लाचे दात सुईसारखे असतात, जखम बारीक दिसते आणि घरी सांगितली जात नाही. पिल्लाने चावले, ओरखडले किंवा जखमेवर चाटले तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना, मिरची लावू नये. डॉक्टरांनी सांगितलेले लसीचे सर्व डोस पूर्ण करावेत. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय नाही.

गोव्याने या बाबतीत देशाला एक धडा घालून दिला आहे. २०१३ ते २०१९ या काळात 'मिशन रेबीज', राज्य सरकार आणि स्थानिक संस्थांनी राबवलेल्या मोहिमेत वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देण्याची आणि त्यांच्या संख्येच्या ७० टक्क्यांपर्यंत पोहोचण्याची क्षमता उभी राहिली. कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक नोंदी ९२ टक्क्यांनी घटल्या आणि माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले. शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे हे शिकवणे हाही त्या मोहिमेचा भाग होता. अशा मोहिमांत तीन महिन्यांखालील पिल्लांनाही लस द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे, कारण दरवर्षी नव्याने जन्मणारी पिल्लेच लसीकरणाची साखळी तोडतात. गेल्या वर्षी ७० टक्के कुत्र्यांना लस दिली, म्हणून यंदा स्वस्थ बसता येत नाही.

होळी ते चवथ : हातात असलेला वेळ

आता दिनदर्शिका पुन्हा उलटून पाहू. तुळशीच्या लग्नाला जन्मलेली मादी पिल्लू होळीला चार महिन्यांची असते, पुढच्या चवथीला दहा महिन्यांची. म्हणजे तिची स्वतःची वाढ पुरी होते न होते तोच भाद्रपदाचा पहिला हंगाम तिच्या दारात येतो. त्या हंगामात गर्भ राहिला तर पुढील तुळशीच्या लग्नाला ती आणखी चार-सहा पिल्लांची आई झालेली असते, आणि त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला आयसरच्या अभ्यासातील तेच आकडे येतात.

निर्बीजीकरण साधारणतः सहा महिन्यांनंतर करतात. म्हणून रस्त्यावरच्या बहुतेक कुत्र्यांसाठी वैशाख ते श्रावण हे महिने सर्वांत महत्त्वाचे ठरतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. महापालिका असो वा पंचायत, गाडी पाठवण्यासाठी वस्तीतून कोणीतरी कळवावे लागते: या गल्लीत एवढ्या माद्या आहेत, एवढ्या महिन्यांच्या आहेत, रोज येथे खायला येतात. जो माणूस रोज भाकरी टाकतो, त्यालाच ही माहिती सर्वांत अचूक ठाऊक असते. पिल्लाला हात लावू द्यायला त्याच्यावाचून दुसरे कोणी नसते, आणि लसीच्या दिवशी ते पकडून देणेही त्यालाच जमते. पिल्लाला खाऊ घालण्याची जुनी रीत या दोन कामांची जोड मिळाली तरच पुरी होते. ही दोन कामे चवथीआधी उरकायची असतात. त्यानंतर वर्षभर थांबावे लागते.